उष्ट्यावरचा तांदुळजा

फार मागे, शालिपूर नगरात भूरिसेन नावाचा राजा सिंहासनावर असताना, बोधिसत्त्वांनी एका अमात्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्यांचे नाव वसुभूती. राजाची धान्यकोठारे त्यांच्या हाती होती. कोणत्या शिवारात काय पिकले आणि कोणत्या शिवारात नुसते तण माजले, हे राजाला त्यांच्याकडूनच कळत असे.

त्या नगराची एक रीत होती. पानात वाढलेले सगळे संपवणे हे तिथे दरिद्र्याचे लक्षण मानीत. जो जितका मोठा, तो तितके पानात टाकून उठे. लग्नाच्या पंगतीत व्याह्याचे पान स्वच्छ दिसले, तर मुलीच्या बापाला मेल्याहून मेल्यासारखे होई. वाढण्यात आपण कमी पडलो असा त्याचा अर्थ. टाकलेला भात, खीर, भाज्यांची साले, देठ, सगळे रोज तटाखालच्या खंदकात जाई. शेतात जात नसे. कारण पुरोहितांचे वचन होते, उष्ट्यावर वाढलेले ते उष्टेच. उष्टे मातीत गेले की माती बाटली, आणि बाटलेल्या मातीतले देवालाही चालायचे नाही आणि माणसालाही. शालिपूरची माणसे एरवी हुशार होती, व्यापारात कुणाला हार जात नसत. या एका बाबतीत मात्र त्यांच्या अकलेला कुलूप होते.

वसुभूती वर्षानुवर्षे पाहत होते. वेशीतून आत येणाऱ्या गाड्या हलक्या होत चालल्या होत्या. एके दिवशी ते राजाला म्हणाले, “महाराज, माती देते आणि आपण घेतो. परत काहीच जात नाही. देणाऱ्याचे घर असे किती दिवस टिकेल?”

राजा हसला. “अमात्य, तुम्ही कोठारे सोडून आमच्या पानाकडे कधीपासून बघायला लागलात?”

सभाही हसली. राजा मनाने वाईट नव्हता. त्याने वसुभूतींना बाजूला घेऊन सांगितले, की हा विषय सोडा, येत्या सणाला तुम्हाला महामात्य करतो. वसुभूतींनी कोठाराची मुद्रा त्याच्या पायांशी ठेवली आणि ते सभेतून निघाले. लोक म्हणाले, म्हातारा चळला. पुढे पाऊस रुसला. सलग दुसरे वर्षही कोरडे गेले, तेव्हा चळलेल्या म्हाताऱ्याची आठवण काढायलाही कुणाला सवड उरली नाही.

तटाच्या पायथ्याशी, खंदकाला लागून, पाटला नावाच्या माळिणीची बाग होती. बाग म्हणायची ती सवयीने. नवरा गेल्यापासून ती एकटीच तिथे राबत होती आणि माती दर हंगामाला अधिक पांढरी पडत होती. खुरपे मारले की ठण् असा आवाज येई. पाटलाला एकुलती एक मुलगी, बकुळा. ती राजाच्या पाकशाळेतल्या भांडाऱ्याच्या घरी दिली होती. एवढ्या मोठ्या घरात लेक पडली म्हणून पाटलाने तेव्हा देवापुढे दिवे लावले होते. आता त्याच घरात चूल दिवसाआड पेटत होती आणि बकुळेला दिवस गेले होते. पाटला भेटायला गेली की लेकीच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना दिसत. ती घरी येऊन आपल्या ठणठणीत कोरड्या वाफ्यांकडे बघत बसे. या मातीतून लेकीच्या तोंडात घालण्यापुरते काहीतरी निघावे, एवढेच तिला हवे होते.

अशा वेळी वसुभूती तिच्या कुंपणाशी आले. डोक्यावर पाटी होती आणि पाटीत खंदकातला काळा गाळ.

“पाटले, बागेचा एक कोपरा देतेस का? खड्डे खणायचे आहेत.”

पाटलाला वासावरून कळले पाटीत काय आहे ते. तीही त्याच नगराची, त्याच वचनावर वाढलेली. तिचे अंग शहारले. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि दुसरी काडी तर दिसत नव्हती. “आर्य, कोपरा कशाला, सगळीच घ्या,” ती म्हणाली. “नाहीतरी मेलेलीच आहे.”

खंदकातले पाणी आटले होते. शालिपूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या टाकलेला मोठेपणा तळाशी साचून पडला होता. वसुभूती तो उपसून आणीत. खड्ड्यात आधी वाळक्या काटक्या, मग पाचोळा, मग गाळ आणि कुठून मिळतील ती साले-देठे, वर शेणकाला, वर मूठभर माती, पुन्हा पाचोळा. असे थर देऊन ते वर चटई झाकीत, भांडी धुतलेले पाणी शिंपडीत आणि मधूनमधून सगळे खालीवर करीत. चटई उचलली की वाफ निघे. पाटला नाकाला पदर लावून मदत करी आणि रोज विचारी, “झालं का?”

“अजून कच्चे आहे.”

कच्चे, कच्चे! पी हळद आणि हो गोरी असे मातीचे नसते, हे माळिणीला कोणी शिकवायला नको होते. पण बकुळेचे मनगट तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. वसुभूती पाचोळा आणायला चार-सहा दिवस लांबच्या रानात गेले असताना एका सकाळी तिने चटई फेकली, तो ऊन, अर्धवट कुजलेला चिखल टोपल्याने उपसला आणि उरलेल्या पडवळाच्या वेलांच्या आळ्यांत भरला. बागेत हिरवे म्हणावे असे तेवढेच होते. दोन-तीन दिवसांत वेलांची पाने कडेने करपली, मग देठ काळे पडले, मग वेल मांडवावर दोरीसारखे लोंबू लागले.

वसुभूती परतले तेव्हा ती त्यांच्या अंगावर धावून गेली. “तुमच्या नादी लागले आणि होतं तेही घालवलं! पुरोहित खोटं सांगत नव्हते. बाटली माझी माती!”

वसुभूतींनी वेलांना हात लावून पाहिला. “कच्चे अन्न आपल्या पोटाला बाधते ना, तसे मातीलाही बाधते. एवढेच झाले आहे. मीच तुला नीट सांगायला हवे होते.” त्यांनी मेलेले वेल मांडवावरून सोडवले, तोडून तुकडे केले आणि खड्ड्यात टाकले. पाटला तिथेच मातीत बसून रडली. तिला त्यांचा शांतपणाही नकोसा झाला होता.

दुसऱ्या खड्ड्याला तिने हात लावला नाही, आशाही लावली नाही. वसुभूती एकटेच तो परतीत राहिले. एक दिवस त्यांनी मूठभर काढून तिच्या तळहातावर ठेवले. वास गेला होता. गार, भुसभुशीत, रानातल्या झाडाखालच्या मातीसारखे ते होते, आणि त्यात एक गांडूळ वळवळत होते. पाटलाने कित्येक वर्षांत आपल्या बागेत गांडूळ पाहिले नव्हते.

त्यांनी लहान वाफे केले. वाफ्यांच्या मधोमध मडकी गळ्यापर्यंत पुरली, त्यांत पाणी भरून तोंडे झाकली, म्हणजे पाणी मडक्यातून झिरपून मुळांना मिळावे, उन्हाला मिळू नये. मातीवर पाचोळा अंथरला. आणि मग सगळ्या शिवारात हिरवे पान दिसत नसताना पाटलाच्या बागेत तांदुळजा उगवला. मुळा उगवला. ते बघून तिला आनंद झाला नाही, भीती वाटली. आता तो लेकीपर्यंत न्यायचा होता.

कोवळ्या तांदुळजाची टोपली घेऊन ती भांडाऱ्याच्या दारात गेली. बकुळेची सासू सुभगा उंबऱ्यात उभी होती. गालफडे बसली होती, पण मान ताठ होती.

“विहीणबाई,” पाटला म्हणाली, “पोरीसाठी आणलंय. तुम्हीही घ्या.”

“कशावर वाढलंय ते गावाला ठाऊक आहे. आमच्या घरात पानात टाकतात, पाटलाबाई. टाकलेलं उचलून खात नाहीत.”

“पोटात बाळ आहे हो तिच्या.”

“म्हणूनच सांगते. उष्ट्यावर पोसलेला वंश मला नको.”

बकुळा आतल्या दारात आली. पाटलाला वाटले, ही तरी हात पुढे करील. पण ती भिंतीला धरून उभी राहिली. “आई, देवीचा नैवेद्य मी रांधते गं. हे खाऊन मी चुलीपाशी कशी जाऊ?” मग हळूच म्हणाली, “तू जा. उन्हात उभी राहू नकोस.”

दुसऱ्या दिवशी स्वतः वसुभूती त्या दारात गेले. “बाई, ज्या शेतातला तांदूळ तुम्ही देवीला दाखवता, त्या शेतात पाखरे मेली, बैलांचे शेण पडले, आपल्या पूर्वजांची राख उडून गेली. कुणाचे तरी उष्टे नाही अशी माती मला एक चिमूट दाखवा, म्हणजे मी पुन्हा येणार नाही.” सुभगेने दार लावून घेतले. उत्तर नसले म्हणून कुणी आपले मत सोडते, असे थोडेच आहे? वसुभूती रोज दुपारी चव्हाट्यावर बसून सर्वांदेखत तो तांदुळजा खात. जाणारे-येणारे थुंकून जात. भुकेली माणसे थुंकत होती. तोंडाला आधी पाणी सुटे आणि मग ती थुंकत.

बकुळा बाळंतपणात गेली. मूल जगले, मुलगी होती. सुईण सांगत होती, कळा द्यायलाच अंगात जोर नव्हता.

स्मशानातून पाटला सरळ बागेत आली आणि तिने वाफे उपटायला सुरुवात केली. मुळे, तांदुळजा, मुठी भरभरून उपटून ती फेकत सुटली. पुरलेले एक मडकेही तिने दगडाने फोडले. वसुभूतींनी तिला अडवले नाही. ते मागून येऊन फेकलेले एकेक रोप गोळा करीत होते आणि खड्ड्यात ठेवीत होते.

“ठेवा, ठेवा,” ती ओरडली. “सगळ्याची माती करा! माझ्या पोरीचीही झाली आता.”

“हो,” वसुभूती म्हणाले. “तिची झाली. माझी होईल, राजाचीही होईल. पाटले, याहून बरे सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.”

तिला वाटले होते ते सांत्वन करतील, आणि मग आपल्याला त्यांचा तिरस्कार करता येईल. तेही घडले नाही. शेवटच्या वाफ्यापाशी तिच्या हातातले बळ संपले. तो एक वाफा तेवढा राहिला. ती त्याच्या कडेला पडून राहिली आणि सकाळ होऊन ऊन चढले तरी उठली नाही.

तेव्हा कुंपणाशी कोणीतरी आले. सुभगा होती. तिच्या हातांत फडक्यात गुंडाळलेले मूल होते, ते रडतही नव्हते, नुसते तोंड उघडत होते. मागे शेजारची ओली बाळंतीण तिलका उभी होती. बाळाला तीच पाजत होती. पोटात अन्न नसल्याने तिचे दूध आता आटले होते.

पाटलाने बाळाकडे पाहिले आणि तोंड फिरवले. शेवटचा वाफा तिच्या पाठीशी होता. नको म्हणायला एक शब्द पुरला असता आणि तो शब्द तिच्या जिभेवर होता.

“उष्टं आहे, विहीणबाई,” ती अखेर म्हणाली.

“तिलका खात नाही,” सुभगा म्हणाली. “भांडाऱ्यांच्या घरातल्या थोरल्या बाईंच्या आधी मी कशी खाऊ, म्हणते. पाप लागेल म्हणते. मी खाल्ल्याशिवाय ती घास घेणार नाही.”

पाटला उठली. तिने वाफ्यातला तांदुळजा खुडला, चुलीवर परतला. वसुभूतींनी पळसाची पाने मांडली. पाटलाने पहिल्या पानावर भाजी वाढली आणि ती बाजूला झाली. तिच्या मनात काहीच नव्हते, दयाही नाही आणि रागही नाही. फक्त बकुळेच्या हट्टी हनुवटीसारखी बाळाची ती इवलीशी हनुवटी तिला दिसत होती.

सुभगा मांडी घालून बसली. पहिला घास तिने डोळे मिटून घेतला. दुसरा घेताना ती रडू लागली, पण खायची थांबली नाही. तिलकेने ते पाहिले आणि आपले पान ओढून घेतले. जन्मभर अर्ध्यावरून उठलेल्या सुभगेने पानाला चिकटलेले शेवटचे देठही बोटाने निपटून खाल्ले. मग रिकामे पान हातात घेऊन ती उभी राहिली आणि गोंधळून इकडेतिकडे बघू लागली.

“हे कुठे टाकू?” तिने विचारले.

पाटलाने खड्ड्याकडे बोट दाखवले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षुसंघाच्या गुरूंनी, विहारामागच्या एका सुकलेल्या वाफ्यापाशी जमलेल्या सभेला सांगितली. तिथे लेक गमावलेली एक उपासिका बसली होती. भिक्षापात्रांतले उरलेले अन्न त्या वाफ्यात पुरणाऱ्या एका वृद्ध भिक्षुणीशी ती बोलायला तयार नव्हती. शास्ते म्हणाले, “मूल जगले. नगराची रीत सुटायला मात्र राजाच्या पानात वाढायला काही उरेनासे होईपर्यंत वाट पाहावी लागली, आणि तोवर पुष्कळ माणसे गेली. त्या जन्मीची पाटला म्हणजे आताची ही उपासिका. सुभगा म्हणजे ही भिक्षुणी. भूरिसेन राजा म्हणजे काल ताटात निम्मे टाकून उठलेला आपला दाता. आणि अमात्य वसुभूती म्हणजे मीच.”

उपासिकेने मान वर केली. “आणि बकुळा?”

“बकुळा या सभेत नाही,” शास्ते म्हणाले. “जे कुजते आहे त्याच्यापाशी, त्याची माती होईपर्यंत, न रागावता बसून राहणे याला क्षांती म्हणतात. ती असली म्हणून सगळे वाचते असे नाही.”

भिक्षुणीने आपली पाटी सरकवून वाफ्याशी जागा केली. उपासिका उठली नाही. काही वेळाने तिने हात पुढे करून माती उकरायला सुरुवात केली.