तळ्याच्या पोटातली पांढरी माती

फार पूर्वी एका गावाच्या डोक्यावर तळं होतं. खरोखरच डोक्यावर, कारण गाव उतारावर वसलेलं आणि तळं वरच्या अंगाला. कुण्या काळच्या लोकांनी दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध घालून ठेवला होता. पावसाचं पाणी त्याच्याआड साठायचं आणि पाटानं खाली यायचं. गावाची शेतं, गुरं आणि घागरी, सगळं त्या पाण्यावर.

त्या गावात हौसा नावाची एक बाई राहायची. नवरा दोर वळायचा. घर दोन खणांचं, मातीचं. पण त्या घरासमोरून कुणी मान खाली घालून गेलं असं कधी झालं नाही. लोक जे टाकून देत, ते हौसाच्या हातात आलं की घराची शोभा व्हायचं. दोरांची उरलेली टोकं जमवून तिनं उंबऱ्याशी गोल पायपुसणं विणलं होतं. फुटक्या बांगड्यांचे तुकडे ओल्या भिंतीत दाबून कोनाड्याभोवती वेल काढली होती. चिंचोक्यांच्या माळा दारात सोडल्या होत्या. वारा आला की त्या खुळखुळत. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं तोरण, कणसाच्या पात्यांची फुलं, करवंट्यांचे दिवे. येणारी-जाणारी बाई थबकायची आणि विचारायची, "हौसा, हे गं कशाचं केलंस?" हा प्रश्न तिला जेवणापेक्षा गोड लागायचा.

मनात एकच सल होता. गावची माती तांबडी, म्हणून भिंती तांबड्या. त्यांच्यावर काही काढलं तरी उठून दिसत नसे. चुना मिळायचा तो चार दिवसांच्या वाटेवर.

एकदा भाद्रपदात ती बांधाखाली शेण गोळा करायला गेली. पायथ्यापासून थोडं वर खेकड्यानं बीळ केलं होतं आणि बिळाच्या तोंडाशी मातीचा छोटासा ढीग पडला होता. माती दुधासारखी पांढरी होती. हौसानं चिमटीत घेतली. लोण्यासारखी मऊ. तिनं शेणाची पाटी रिकामी केली आणि काटकीनं बीळ मोठं करायला लागली.

"सूनबाई, तिथं उकरू नकोस."

पाटाचं पाणी वाटून देणारा म्हातारा पाटकरी बांधावर उभा होता. बायकामुलं नव्हती. बांधाच्या खालीच खोपट बांधून तो एकटा राहायचा.

"एक पाटी तर नेतेय, तात्या," हौसा म्हणाली. "एवढ्या मोठ्या बांधाला काय होतंय?"

"काय होतं ते मलाही माहीत नाही. माझा बाप सांगायचा, बांधाच्या पोटाला हात लावायचा नाही. म्हणून मी लावत नाही."

"यानंतर नाही घेणार," हौसा म्हणाली, आणि पाटी भरून निघाली.

ती माती तिनं पाण्यात कालवली, फडक्यानं गाळली आणि भिंतीवर दोन हात दिले. वाळल्यावर घर असं उजळलं की शेजारणी आपणहून आत आल्या. पांढऱ्या भिंतीवर हौसानं गेरूनं मोर काढले, वेली काढल्या. उरलेल्या मातीचे हत्ती करून ओट्यावर मांडले.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई स्वतः आल्या. त्या कुणाच्या दारी जात नसत. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, हत्ती हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या वाड्याची कळा गेली हिच्यापुढं. कुठली गं ही माती?"

सगळ्या बायका हौसाकडे बघत होत्या. पाटकऱ्याचं बोलणं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते सांगितलं तर पाटलीणबाईंचा चेहरा उतरेल, आणि आपल्याही भिंतीकडे त्या वेगळ्या नजरेनं बघतील, असं तिला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "बांधाखाली आहे. खेकड्याच्या बिळापाशी."

पाटलीणबाईंनी सात पाट्या नेल्या. मग कुणी दोन, कुणी चार. हौसा घरोघर जाऊन शिकवू लागली. माती कशी गाळायची, डिंक किती घालायचा, कोपरे कसे घोटायचे. बायकांनी भिंती सारवल्या, ओट्यांवर हात-हातभर थर दिले, तुळशीची वृंदावनं घडवली. दिवाळीला लागेल म्हणून परसात ढीग करून ठेवले. दसऱ्यापर्यंत उतारावरचं तांबडं गाव पांढरं झालं. दुरून बघणाऱ्याला वाटावं, बगळ्यांचा थवा उतरलाय. आणि खेकड्याच्या बिळाच्या जागी माणूस वाकून आत जाईल एवढी गुहा झाली.

पाटकरी पाटलांकडे गेला. पाटील आपल्या पांढऱ्या ओट्यावर बसून हसले. "बांध पन्नास हात रुंद आहे, म्हाताऱ्या. बायकांच्या पाट्यांनी तो संपायचा नाही."

मग तो हौसाच्या दारी आला. आत यायला तयार होईना. बाहेर उभा राहूनच म्हणाला, "माझं कुणी ऐकत नाही. तुझं ऐकतील. तू एकदा त्यांना थांब म्हण."

हौसा त्या वेळी दारावर कमळ काढत होती. पाकळी अर्धी राहिली होती. "दिवाळी होऊ दे, तात्या. त्यानंतर मीच सांगते सगळ्यांना."

मग म्हातारा गेला. हौसानं पाकळी पुरी केली, पण ती जरा वाकडी आली.

आश्विनाच्या शेवटी जाता-जाता पाऊस तीन दिवस कोसळला. तळं काठोकाठ भरलं. चौथ्या दिवशी ऊन पडलं. वसुबारस होती. गाय-वासराची मूर्ती करायला थोडी माती हवी म्हणून हौसा सकाळीच पाटी घेऊन बांधाखाली गेली.

ती गुहेत वाकून शिरली आणि तिनं समोरच्या भिंतीला हात लावला. एरवी ती भिंत कोरडी आणि उबदार असायची. आज ती गार लागली. हात मागे घेतला तर पंजा ओला. हौसानं नीट पाहिलं. पांढऱ्या मातीवर घामासारखे थेंब उभे होते. तिला वाटलं पावसाची ओल असेल. तिनं एक थेंब बोटानं पुसायला म्हणून जरा दाबलं, तर बोट पेरापर्यंत आत गेलं. आणि ते बाहेर काढल्याबरोबर त्या भोकातून पाण्याची धार तिच्या छातीवर आली.

हौसा जागच्या जागी थिजली. पलीकडे अख्खं तळं उभं आहे आणि मध्ये एवढीच माती उरली आहे, हे तिला कळत होतं. तिनं वेड्यासारखा भोकावर तळवा दाबून धरला. पाणी बोटांच्या फटींतून येऊ लागलं. मग तळव्याच्या बाजूची माती ढेकूळ होऊन गळून पडली, तेव्हा कुठे ती पळत सुटली.

"तात्या, बाहेर या," ती खोपटापाशी येऊन म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "बांध फुटतोय."

पाटकरी तसाच फावडं घेऊन बांधाकडे निघाला आणि हौसा गावात धावली. गावकरी येईपर्यंत धार मांडीएवढी जाड झाली होती. पाणी गुहेतून उसळून खोपटावर आदळत होतं. हौसाच्या डोळ्यांदेखत खोपटाची पुढची भिंत भिजली, खाली बसली, आणि छप्पर तिच्यावर हलकेच टेकलं. मग सगळंच वाहून गेलं. चूल, घागर, म्हाताऱ्याची घोंगडी. तो शेजारी उभा राहून बघत होता.

पुरुषांनी तांबड्या मातीची पोती भरून भोकात लोटली. माती गुळासारखी विरघळली आणि रिकामी पोती पाण्याबरोबर बाहेर आली. दगड टाकले, ते गडगडत खाली गेले.

"तांबडी माती पाणी धरत नाही," पाटकरी म्हणाला. "बापाचं म्हणणं मला आता कळतंय. जुन्या लोकांनी बांधाच्या पोटात ही पांढरी माती मुद्दाम भरली असणार. पाणी अडतं ते हिच्यामुळं. वरची तांबडी नुसतं पांघरूण आहे."

"मग पांढरीच घाला," पाटील म्हणाले.

"कुठून आणू? आणखी उकरली तर उरलेला बांधही जाईल."

एकेकाची मान मागे वळली. उतारावर उन्हात त्यांचं गाव चमकत होतं. बांधाचं पोट तिथं, प्रत्येकाच्या भिंतीवर, ओट्यावर, परसातल्या ढिगात होतं. स्वतःचीच घरं बघून माणसांच्या अंगावर काटा आला.

सगळ्यांत आधी हौसा हलली. ती घरी गेली, कुदळ घेतली आणि ओटा फोडला. मग खुरपं घेऊन भिंतीला लागली. मोर गेले, वेली गेल्या. खपल्या पाटीत भरताना तिनं वर पाहिलंही नाही. तिची पाटी बांधाकडे चालली तशा बाकीच्या बायका आपापल्या दारांत शिरल्या.

पाटलीणबाई वाड्याच्या दारात आडव्या उभ्या होत्या. "ढीग न्या," त्या म्हणाल्या. "भिंतींना हात लावू नका. सणाचा दिवस आहे." इतक्यात गल्लीतून आलेलं पाणी त्यांच्या पावलांना लागलं. पाण्याबरोबर गोठ्यातलं शेण आणि गवत तरंगत येत होतं. त्यांनी खाली पाहिलं. मग बाजूला झाल्या, पदर खोचला आणि स्वतःच भिंतीवर फावडं चालवलं.

बायकांनी माती पायांनी तुडवून तिचे गोळे केले. हौसाच्या नवऱ्यानं घरातले सगळे दोर आणून त्यांची जाळी विणली, गोळे गोणपाटात बांधून जाळीत भरले आणि आठ जणांनी मिळून ते ओझं भोकात लोटलं. मागून आणखी, आणखी. ऊन कलताना धार मनगटाएवढी झाली, मग बोटाएवढी, मग थांबली. तोवर निम्मं तळं ओढ्याला गेलं होतं आणि खालच्या शेतांत कापणीला आलेलं पीक चिखलात लोळलं होतं.

माणूस कुणी दगावलं नव्हतं. लोक चिखलात बसले. कुणीतरी म्हणालं, "हौसानं वेळेवर पाहिलं म्हणून वाचलो." दोन-चार जणांनी माना डोलावल्या.

हौसा उठून उभी राहिली. पाणी अंगावर आलं तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटत होती.

"तात्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उकरू नकोस म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही विचारायला आलात तेव्हा ते मी सांगितलं नाही. दसरा झाल्यावर ते पुन्हा माझ्या दारी आले होते. तेव्हाही नाही सांगितलं. तुम्ही माझं घर छान म्हणत होता, ते मला हवं होतं."

कुणी तिला शिवी दिली नाही, मारायला धावलं नाही. एकेक बाई उठली, आपली रिकामी पाटी उचलली आणि तिच्याकडे न बघता घरी गेली. ती दिवाळी खरवडलेल्या भिंतींत झाली. त्या वर्षी दुसरं पीक निघालं नाही. चैत्र-वैशाखात गावच्या बायका शेजारच्या गावाहून पाणी आणत. आणि त्या ओळीत हौसाच्या पुढंमागं कुणी चालत नसे.

पाटकरी मात्र तिच्याच घरात राहत होता. हौसाच्या नवऱ्यानं त्याला हात धरून आणलं होतं. उन्हाळाभर नवराबायकोनं बांधापासून दूर, उंचावर त्याचं नवं खोपट बांधलं. शेणानं सारवून झालं, तेव्हा हौसा दाराशी थांबली.

"झालं, तात्या. आता मी जाते."

"भिंत अशीच ठेवणार?" म्हाताऱ्यानं विचारलं. "काहीतरी काढ की."

हौसा खाली मान घालून म्हणाली, "मला नको आता ते. माझ्या हौसेपायी गाव बुडत होतं."

"हौसेनं काही बुडत नाही, सूनबाई. घर माणसानं सजवावंच. फक्त जे आणशील ते कुठून आणलंस, आणि तिथं आता काय उरलंय, एवढं मला सांगत जा. तुला ते सांगता आलं तर लाव भिंतीला. सांगताना जीभ अडली तर परत ठेवून ये."

हौसा घरी जाऊन एक मडकं घेऊन आली. "राख माझ्या चुलीतली," ती हळू आवाजात म्हणाली. "तिथं उद्या पुन्हा होईल." तिनं राख कालवली, बोट बुडवलं, आणि दाराच्या डाव्या अंगाला पहिली रेघ ओढली.

रस्त्यानं पाटलीणबाई घागर घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. कितीतरी महिन्यांनी हौसाशी गावातली बाई बोलत होती.

"कशाचं गं हे?" त्यांनी विचारलं.

हौसानं सांगितलं. या खेपेला सगळं सांगितलं.

तात्पर्य एवढंच: फुकट मिळालेली वस्तूही कुठंतरी कुणाच्या तरी उपयोगाची असते. आपलं घर जरूर सजवावं, पण ज्याच्या आधारावर सगळ्यांची घरं उभी आहेत ते उकरून नव्हे. आणि कुणी धोका सांगितला असेल, तर कौतुकाच्या लोभानं तो गिळून टाकू नये.