मोत्यांची गाबोळी

एका राज्यात समुद्र रोज सकाळी राजवाड्याच्या पायरीपर्यंत येत असे आणि नमस्कार करून मागे जात असे. त्या राज्याच्या राजाचं नाव रत्नध्वज. राजवाड्याच्या खाली, वाळू संपते तिथे मच्छीमारांची वस्ती होती. त्या वस्तीत येसू नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ हरबा राहत. आईबाप नव्हते. हरबाला येसूनेच वाढवलं. तो तिला बाय म्हणत असे.

येसूसारखं जाळं विणणारं त्या किनाऱ्यावर दुसरं कोणी झालं नाही. तिच्या जाळ्याचा डोळा चार बोटं आरपार जातील एवढा मोठा असे. मासळी हाती आली की ती तिला मनगटापासून कोपरापर्यंत लावून पाही. भरली तर टोपलीत. नाही भरली तर पाण्यात सोडी आणि म्हणे, "जा, मोठी होऊन ये." पोटात गाबोळी असलेली मासळी आली, म्हणजे अंड्यांनी भरलेली, तर तिला हात जोडून सोडी.

बायका हसत. "येसूबाय, माशांचं बारसं कधी गं?"

"तुझी नातवंडं जेवायला बसतील त्या दिवशी," येसू म्हणे. हसणाऱ्या बायका आपल्याही टोपलीतली लहान मासळी हळूच पाण्यात टाकत.

हरबा उतावळा. भाकरी तव्यावरून उतरायच्या आत तोंडात घालणारा. जाळं गुंतलं की त्याचा हात कोयत्याकडे जाई. येसू बांबूची सुई त्याच्या हातात देई. "कोयता ठेव. गाठ जशी बसली तशीच उलटी निघते. कापलंस की एकाची दोन भोकं होतात." हरबा चिडे आणि सुई घेई.

पावसाचे महिने आले की त्या वस्तीच्या होड्या वाळूवर येत. मासळीचे अंडी घालायचे दिवस ते. नारळ वाहून समुद्र उघडेपर्यंत पाण्यात कोणी जाळं टाकत नसे.

एका पावसाळ्यात राजाला गाबोळी खावीशी वाटली. त्याने वस्तीच्या नाखव्याला बोलावलं.

"महाराज, समुद्र बंद आहे," नाखवा म्हणाला.

"समुद्राला काय दार असतं?"

"असतं, महाराज. आमच्या शब्दाचं."

राजाला राग आला. तेव्हा दरबारातला जादूगार धूमकर्ण पुढे झाला. त्याच्या कानांतून नेहमी धूर येत असे. तो म्हणाला, "महाराज, माझं जाळं आहे. त्याच्या डोळ्यातून मोहरी जात नाही."

धूमकर्णाने जाळं टाकलं. लहान, मोठी, अंड्याची, बिनअंड्याची, सगळी मासळी वर आली. गाबोळी बाहेर काढली तर तिचा दाणा न् दाणा मोती झाला. राजा गाबोळी विसरला. त्याचा खजिना भरू लागला, समुद्र रिता होऊ लागला. एके सकाळी समुद्र पायरीपर्यंत आलाच नाही.

त्या दिवशी येसू पाण्यात उतरली. धूमकर्णाच्या जाळ्याची खालची दोरी तिने खांद्यावर उचलून धरली. तिच्या पायांखालून मासळी धावत बाहेर निघाली. किनाऱ्यावर उभ्या लोकांनी पाहिलं, लाटा तिच्या डोक्यावरून जात होत्या आणि ती दोरी सोडत नव्हती. असं धैर्य त्या किनाऱ्याने पाहिलं नव्हतं. धूमकर्ण ओरडला, "मासळीची एवढी माया, तर मासळी हो!" येसूची घोळ जातीची मोठी मासळी झाली. डाव्या गालावरचा तीळ तेवढा राहिला. ती खोल पाण्यात गेली.

हरबाच्या घरात सुई राहिली, बाय राहिली नाही. त्याने चूल पेटवली नाही. सुई कमरेला खोचली, कोयता उचलला आणि समुद्राकडे धावला.

वाटेत खडकावर एक म्हातारी ढोकरी बगळी एका पायावर उभी होती. ती म्हणाली, "कुठे रे, वादळा?"

"धूमकर्णाला कापायला. नाहीतर समुद्राला. जे पुढे येईल त्याला."

"शाप तीन जागी बसलाय. जाळ्यात, राजाच्या जिभेवर आणि मोत्यांत. तिन्ही सोडव. आधी जाळं."

हरबाने पुढचं ऐकलंच नाही. जाळं वाळूवर पसरलं होतं. त्याने कोयत्याचा घाव घातला. जाळ्याची दोन जाळी झाली. पुन्हा घाव घातला, चार झाली. किनारा जाळ्यांनी भरला आणि तो मधोमध अडकून पडला.

ढोकरी उडत आली. "छान. आणखी चार वार कर, म्हणजे माझेही पाय अडकतील."

हरबा रडला. रडता रडता त्याचा हात कमरेला गेला. तिथे येसूची सुई खोचलेली होती. त्याने कोयता दूर फेकला. पहिली गाठ जशी बसली होती तशी उलटी काढली. मग दुसरी. बोटं फुटली, पाऊस येऊन गेला, तो उठला नाही. शेवटची गाठ सुटली तेव्हा साऱ्या जाळ्यांचं पाणी झालं आणि वाहून गेलं.

"आता जीभ," ढोकरी म्हणाली.

राजवाड्यात राजा उपाशी बसला होता. शाप जिभेवर बसल्यापासून गाबोळीखेरीज काही तोंडात घेतलं की त्याला वाळू लागे, आणि गाबोळी ताटात आली की मोती होई. एक दात त्याने त्यापायीच गमावला होता.

हरबा टोपभर तारल्यांचं कालवण घेऊन गेला. बंद महिन्यांत किनाऱ्याची माणसं जाळं टाकत नाहीत, पण भरतीने उथळ खळग्यांत टाकलेल्या तारल्या हाताने वेचतात. हरबाने कोपरभर माप त्यांना लावलं नाही. तारली तेवढी वाढतच नाही. करंगळीएवढ्या आणि अंड्याच्या सोडल्या, पुरत्या वाढलेल्या तेवढ्या घेतल्या. येसू घालायची तशी त्रिफळं घातली.

राजाने नाक मुरडलं. "तारली? ही गरिबांची मासळी."

"महाराज, तुम्ही काल काय जेवलात?"

राजाने ताटातला मोती बाजूला सारला.

"आणि परवा?"

"तू फार बोलतोस."

"माझी बाय म्हणायची, समुद्र आज जे देतो ते खावं. त्याच्या ताटातलं ओढून घेऊ नये. एक घास घ्या. वाळू लागली तर माझं डोकं घ्या."

राजाने घास घेतला. मग दुसरा. मग टोप जवळ ओढला. त्रिफळाने त्याच्या जिभेला मुंग्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि जिभेवरचा शाप घामासारखा निघून गेला. बोटं चाटत तो म्हणाला, "कोणाच्या हातचं हे?"

"हात माझा आहे. चव तिची आहे, जिला तुमच्या जादूगाराने मासळी केलं."

राजा खाली मान घालून बसला. मग त्याने खजिन्याची किल्ली काढली. मोती पाण्यात परत टाकणं हे तिसरं काम, आणि ते तो स्वतः करायला निघाला. राजा, राणी, शिपाई, वस्तीची माणसं, सारे ओंजळी भरभरून मोती समुद्रात टाकू लागले. पाण्यात पडला की मोत्याचं अंडं होई आणि खाली जाई.

सारे मोती गेले. समुद्र तरी हलला नाही.

तेवढ्यात उथळ पाण्यात एक मोठी घोळ आली. डाव्या गालावर तीळ.

हरबा पाण्यात उडी घालून तिला कवेत घेऊन वाळूवर आला. "बाय! बाय, घरी चल."

धूमकर्ण तिथेच उभा होता. त्याच्या कानांतला धूर आता अगदी पातळ झाला होता. तो गोड आवाजात म्हणाला, "शेवटचा मोती तिच्या पोटात आहे, गाबोळीच्या मधोमध. काढून मला दे. संध्याकाळच्या आत तुझी बहीण तुझ्या दारात उभी राहील."

हरबाने ढोकरीकडे पाहिलं. "खरं सांगतो का हा?"

"खरं सांगतो," ढोकरी म्हणाली. "दारात येसू असेल. पण तो मोती पाण्यात परत गेला नाही, तर या पाण्यात मासळी कधी नसेल."

"मला काय करायचंय मासळीशी!" हरबा ओरडला. "मला माझी बाय पाहिजे."

घोळ मासळीचे कल्ले उघडझाप करत होते. तिचं पोट भरलेलं, ताणलेलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "हरबा, अंड्याची मासळी हातात आली तर काय करतात रे?"

"तू मासळी नाहीस."

"हातात काय आहे ते बघ. मग सांग."

हरबाने बघितलं. किती तरी वेळ बघितलं. त्याची मिठी सुटत नव्हती. गाठ जशी बसली होती तशीच उलटी निघणार होती. आधी एक बोट, मग दुसरं. तो गुडघाभर पाण्यात गेला, तिला पाण्यावर ठेवलं आणि हात जोडले.

ती गेली नाही. एकदा त्याच्या पायांभोवती फिरली आणि म्हणाली, "जा. मोठा होऊन ये."

मग ती खोल पाण्यात गेली. समुद्राच्या तळातून पांढरा उजेड वर आला. जिथे जिथे मोत्यांची अंडी पडली होती तिथून पिल्लं उसळली, आणि मोठी लाट धावत राजवाड्याच्या पायरीपर्यंत गेली, नमस्कार करून परत आली. समुद्राचा शाप फिटला, येसू मात्र घोळच राहिली. धूमकर्णाचा वाळका बोंबील झाला आणि वस्तीच्या दोरीवर लटकला. मांजरं त्याला हुंगून पुढे जात.

त्या दिवसापासून राजाच्या मुदपाकखान्यात मासळी आली की राजा आधी विचारी, "हिचे अंड्याचे दिवस आहेत का? ही पुरती वाढलेली आहे का?" उत्तर नीट मिळालं तर ताट वाढलं जाई. नाहीतर राजा भातावर आमटी घेई, आणि प्रजाही तसंच करी. जाळ्याचा डोळा साऱ्या राज्यात येसूच्या चार बोटांएवढा ठरला. पावसाळ्यात शब्दाचं दार पुन्हा लागलं आणि ते कोणी उघडलं नाही.

नारळाच्या दिवशी पहिली होडी हरबाची असे. त्याचं जाळं आता सबंध किनाऱ्यात देखणं होतं. पहिली मासळी वर येई, तो ती मनगटापासून कोपरापर्यंत लावी. भरली नाही तर सोडी. "जा, मोठी होऊन ये." मग होडीच्या कडेला वाकून पाण्यात बघे आणि विचारी, "बाय, अजून किती मोठं व्हायचं गं?"

पाण्याखालून एक घोळ मासळी होडीला हलकाच धक्का देई, आणि होडी पुढे जाई.