चहाचं निमित्त

एकदा एका विद्यापीठात एक वृद्ध विभागप्रमुख होते. विद्वत्ता अफाट, पण खोड विचित्र. बैठकीत वाद पेटला, निर्णयाची घटका आली, की गुरुजी नेमके उठत. "चहाचं बघून येतो," म्हणत आणि बाहेर पडत. आत राहिलेल्यांची तारांबळ उडे. त्यांच्या तरुण शिष्येला तर आपल्याला वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटे. शेवटी तीच धीर करून बोले, आणि कधीतरी उशिराने चहा येई.

वर्षे लोटली. गुरुजी निवृत्त झाले, शिष्या त्याच विद्यापीठाची कुलगुरू झाली. गाडी आली, मान आला, पुढेपुढे करणारेही आले. विद्यापीठांत त्यांचा दुष्काळ कधीच नसतो. पण गुरुजींच्या आठवणीने तिचा जीव कासावीस होई. त्यांनी एकदा शेजारी बसून 'बरोबर आहे' म्हणावे, एवढीच तिची आस होती.

अशात, नोकरी करून शिकणाऱ्यांचे सायंवर्ग खर्चापायी बंद करण्याचा प्रस्ताव आला. न राहवून तिने गुरुजींचे घर गाठले.

"सर, वर्ग बंद केले तर ही मुलं शिक्षणाला मुकतील. चालवायचे तर शिक्षक नेमायला पैसा नाही. काय करू?"

गुरुजी उठले. "चहाचं बघतो."

इतक्या वर्षांचा सल उफाळून आला. "आजही? मला गरज असते तेव्हाच तुम्ही का निघून जाता, सर?"

गुरुजी थबकले. "अगं, मी बोललो की तुम्ही सगळे माना डोलवायचात. विचार तिथंच थांबायचा. माझ्यामागे विभागाचं काय झालं असतं? म्हणून उठायचो. पण गेलो कुठं? दाराबाहेरच उभा असायचो. आत येऊन बोलायला जीभ किती शिवशिवायची! तुझा आवाज कानी पडला, की मगच चहा सांगायला जायचो."



दुसऱ्या दिवशी बैठकीत विषय निघताच सगळे तिच्याकडे पाहू लागले. "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं." उत्तर तिच्या ओठांवर होते. ती उठली.

"चहाचं बघून येते."

दाराबाहेर उभे राहणे भलतेच जड गेले. आत बराच वेळ सामसूम होती. मग एका नवख्या प्राध्यापिकेचा कापरा आवाज आला, "वर्ग बंद नकोत. आपणच संध्याकाळी वाटून घेऊन शिकवू. माझ्यापासून सुरुवात करा."

कुलगुरूंचे डोळे भरून आले. त्या जिन्याकडे वळल्या आणि चहा सांगायला गेल्या.