हीट पंपाचा वेगळा मीटर

विजेच्या मीटरमध्ये चकती फिरायची, तेव्हाची गोष्ट. शकुबाईंच्या गच्चीवर पाणी तापवणारा हीट पंप बसला. मीटर गरगरला, की शकुबाई चिडायच्या, "हा नवा पंपच वीज खातो. काढून टाका!"

पंप भीतीने गारठला.

वायरमन युसूफभाई म्हणाले, "ताई, आधी त्याला वेगळा मीटर लावून बघू."

"एकटा पडशील," जुना फ्रिज तारेतून कुजबुजला. "तुझा घास न् घास दिसेल."

"मग तू का थरथरतोयस?"

"मी नेहमीच थरथरतो."

मीटर लागला. पंपाची चकती संथ फिरू लागली. घरच्या मीटरची मात्र तशीच गरगरत राहिली.

युसूफभाई स्वयंपाकघरात शिरले. फ्रिजच्या दाराचं, गारवा बाहेर सोडणारं फाटकं रबर त्यांनी बोटाने उचललं.

फ्रिजची थरथर एकदम थांबली.