मोहोरावर घेतलेले झाड

सह्याद्रीच्या उतारावर एका दाट रानात धनेश पक्ष्याचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, धनेश तुम्ही पाहिला नसेल तर आधी तो कसा असतो ते सांगतो. चोच केळ्याएवढी, वाकडी आणि पिवळी. उडताना पंखांचा आवाज असा की खाली चरणारे भेकर मान वर करून बघते. गुपचूप कुठे जाऊन येणे या पक्ष्याच्या नशिबातच नाही. त्यांच्या संसाराची रीतही जगावेगळी. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढी एक फट तेवढी ठेवते. आत तिची पिसे गळून जातात, त्यामुळे पुढचे तीन महिने तिला उडताही येत नाही. नर गळ्यात साठवून फळे आणतो आणि एकेक करून त्या फटीतून देतो. तो आणील तेवढेच ती आणि पिले खातात.

आपल्या धनेशाकडे त्यासाठी ओढ्याकाठचा एक जुना उंबर होता. त्या रानाचा नियम असा की, जो ज्या झाडाची वर्षभर राखण करील, त्या झाडाची फळे त्याची. धनेशाने पाच वर्षे उंबराची राखण केली होती आणि पाच वर्षे त्याची पिले त्याच उंबरावर वाढली होती. श्रीमंती नव्हती, पण उपासही कधी घडला नव्हता. माघ महिन्यात ढोलीत शिरताना बायको एवढेच म्हणाली, "उंबर आहे, मला काळजी नाही." आणि तिने आतून चिखल लिंपायला घेतला.

पण धनेशाच्या डोक्यात गेल्या वर्षापासून एक किडा वळवळत होता. या रानात झाडांचे सौदे मोहोरावर होत. म्हणजे झाड फुलले आहे, फळ अजून धरायचे आहे, तेव्हाच अंदाज बांधून ते घ्यायचे आणि त्या बदल्यात आपले काहीतरी द्यायचे. फळ धरले तर घेणाऱ्याचे नशीब, गळून गेले तरी घेणाऱ्याचेच नशीब. दोघे एकाच झऱ्यावर पाणी प्यायले की सौदा पक्का. मग शब्द फिरवायचा नाही. गेल्या वर्षी धनेशाने सहज गंमत म्हणून करवंदाची एक जाळी दिली आणि फुलावर आलेले एक जांभूळ घेतले. ते जांभूळ असे काही धरले की फांद्या वाकल्या. तेव्हापासून रानातले प्राणी त्याला थांबवून विचारू लागले, "धनेशराव, यंदा कशावर नजर?" असे कोणी विचारले की त्याची मान आपोआप ताठ होई. खरे तर ते जांभूळ धरले ते मधमाश्यांच्या आणि हवेच्या कृपेने. पण एकदा डाव साधला की माणसासारखे पक्षीही स्वतःला जाणकार समजू लागतात, त्याला मी तरी काय करणार?

यंदा त्याची नजर होती टेकाडावरच्या आंब्यावर. हा आंबा वानरांच्या टोळीचा. त्याला मोहोर असा आला होता की पाने दिसत नव्हती. टोळीत पोरेबाळे पुष्कळ, आणि वैशाखापर्यंत आंबा पिकण्याची वाट बघण्याचा धीर कोणालाच नाही. धनेश रोज त्या झाडाभोवती फेऱ्या मारू लागला. उंबरावर बसला तरी मान आंब्याकडे. घास तोंडात, मन मोहोरात. शेवटी न राहवून त्याने टोळीच्या म्हाताऱ्या नाईकाला गाठले. आधी आपली दुसरी एक करवंदाची जाळी देऊ केली, मग जांभळाचा अर्धा हंगाम देऊ केला. नाईकाने दोन्हीला नकाराची मान हलवली. त्याला उंबर हवा होता, आणि तोही पावसाळ्यापर्यंतचा, सबंध.

त्याच आंब्याची एक फांदी एका खारीनेही मोहोरावर घेतली होती. त्यासाठी तिने आपल्या साठ्यातल्या मूठभर बिया दिल्या होत्या. धनेश विचारात पडलेला पाहून ती फांदीवरून खाली आली आणि म्हणाली, "दादा, मी दिलेल्या बिया बुडाल्या तरी माझ्या घरची चूल पेटेल. तुमचं तसं आहे का?"

धनेश हसला. एक फांदी घेणारीने सबंध झाड घेणाऱ्याला शहाणपण शिकवावे, हे त्याला पटण्यासारखे नव्हते. त्याने मनाशी सगळे जुळवले होते. थोडे दिवस इकडे तिकडे चोच मारून भागवायचे, मग आंबेच आंबे. अर्धे घरी खायचे आणि उरलेल्या अर्ध्यांत पुढच्या वर्षीची चार झाडे मोहोरावर घ्यायची. आंबा कधी पिकतो हे त्याला पक्के माहीत होते. पिलांना भूक कधी लागते, हे मात्र त्याने त्यात धरलेच नाही.

सौद्याआधी नाईकाने वानराला शोभणार नाही इतक्या सरळपणे विचारले, "धनेशराव, ढोलीत विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? तिच्यासाठीच तर करतोय," धनेश म्हणाला. दोघे झऱ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच दुपारी वानरांची टोळी उंबरावर उतरली.

त्या दिवसापासून धनेशाची झोप उडाली. सकाळी धुके पडले की मोहोर काळा पडेल म्हणून जीव कासावीस. दुपारी वारा सुटला की गळलेला मोहोर मोजायला धाव. आभाळात मळभ आले की रात्रभर डोळे वर. एकदा तर तो आंब्यावरच्या माश्यांना मोहोर खातात म्हणून हाकलू लागला. माश्या गेल्या तर फळही गेले, हे खारीने त्याला बाजूला घेऊन समजावून सांगितले, तेव्हा तो थांबला. मग माश्या कमी का आल्या, या काळजीने त्याला घेरले. ढोलीसाठी घास शोधायला तो निघे, पण वाट वाकडी करून आधी आंबा बघून येई. परत येताना पुन्हा एकदा बघे. या सगळ्यात दिवस निघून जाई आणि चोचीत येई एखादा सरडा, दोन भुंगे, कुठल्यातरी झुडपाची चार सुकलेली बोरे.

एके दिवशी फटीतून चोच बाहेर आली. घास घेऊन झाला तरी ती आत गेली नाही.

"अहो, दिवसातून दहादा तुमचे पंख वाजतात," बायको आतून म्हणाली. "घास मात्र दोनदाच येतो."

धनेशाने चोच फांदीवर घासली. मग यंदा उंबर उशिरा पिकतोय, असे त्याने सांगितले. बायकोशी बोललेले हे त्याचे पहिले खोटे. नेमका तेव्हाच ओढ्याकडून वारा आला आणि पिकल्या उंबराचा वास थेट ढोलीपर्यंत पोचला. तो वास तिलाही आला असणार. तिने चोच आत घेतली.

चैत्र लागला तशी अंडी फुटली आणि फटीतून दोन बारीक आवाज येऊ लागले. तिकडे आंब्याने कणी धरली होती. कणीचे वाटाणे झाले, वाटाण्यांच्या सुपाऱ्या झाल्या. कैरी बोटाबोटाने वाढत होती आणि धनेशाचा अंदाज खरा होत होता. ही बातमी कोणाला तरी सांगावी म्हणून तो तळमळे. पण जिला सांगायची, तिच्यापासून तर ती लपवलेली. एका संध्याकाळी मोठी वावटळ उठली. धनेश सबंध वेळ आंब्यावर पंख पसरून बसला, जणू त्याच्या दोन पंखांनी वारा थांबणार होता. थोड्या कैऱ्या पडल्या, पुष्कळशा राहिल्या. त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. त्या संध्याकाळी ढोलीत घास गेला नाही.

दोन दिवसांनी सकाळी तो ढोलीपाशी आला, तेव्हा आतून एकच आवाज येत होता.

"दुसरं झोपलंय का?" त्याने विचारले.

फटीतून चोच बाहेर आली नाही. मग बायको म्हणाली, "झोपलं नाही." आणि थोड्या वेळाने तिने विचारले, "आता तरी उंबर पिकला का हो?"

मुलांनो, धनेशाला त्या घडीला रडू आले. पक्षी रडत नाहीत असे म्हणतात, पण मला ते खरे वाटत नाही. तो तिथून उडाला तो थेट नाईकासमोर जाऊन बसला. आंब्याचा अर्धा हंगाम घ्या आणि उंबर परत द्या, अशी त्याने विनवणी केली. उंबरावर आता फार काही उरले नव्हते. टोळीने दोन महिने त्यावर ताव मारला होता. बुंध्याजवळची शेवटची फळे तेवढी पिकत होती, आणि ती पुरवून पुरवून खाल्ली तर महिनाभर एका घराला पुरण्यासारखी होती.

नाईकाने वर आंब्याकडे पाहिले. कैऱ्या मुठीएवढ्या झाल्या होत्या.

"धनेशराव, मलाही आज घरात तोंडं आहेत," तो म्हणाला. "सबंध आंबा द्या, उरलेला उंबर घ्या. अर्ध्यासाठी मी माझी पोरं उठवायचा नाही."

नाईक काही दुष्ट नव्हता. त्याला फक्त घाई नव्हती, आणि समोरच्याला होती. असा सौदा कुठेही झाला तरी तो असाच होतो. धनेशाने त्या झाडाकडे डोळे भरून पाहिले. आणखी वीस-बावीस दिवस, फार तर पंचवीस. तेवढे दिवस घरातली तीन पोटे कशीतरी तगली असती तर हे सगळे झाड त्याचे होते. पण तेवढे दिवस ढोलीतल्या त्या एका आवाजाजवळ नव्हते. तो नाईकाबरोबर झऱ्यावर गेला, पाणी प्यायला आणि तसाच उंबराकडे उडाला. त्या दिवशी ढोलीत अकरा वेळा घास गेला.

वैशाखात आंबा पिकला. त्या रानातल्या म्हाताऱ्या प्राण्यांनीही असा बहर पूर्वी पाहिला नव्हता. वानरांच्या पोरांच्या कोपरांपर्यंत रस ओघळत होता. गोड वास ओढ्यापलीकडे जाई. खार आपल्या एका फांदीवर बसून निवांत आंबा खाई. सौदा तो सौदा, म्हणून तिच्या फांदीला कोणी हात लावला नाही. आणि याच दिवसांत धनेशाच्या बायकोने चोचीने चिखल फोडला आणि ती बाहेर आली. अंगावर नवी पिसे होती, पण अंग निम्मे झाले होते. तिच्यामागून पिलू बाहेर आले. एकच.

पिलाने थोडा वेळ पंख फडफडवले, पाय सावरले आणि आयुष्यातले पहिले उड्डाण केले ते थेट टेकाडाच्या दिशेने, जिथून तो गोड वास येत होता. धनेश मोठ्याने पंख वाजवत त्याच्या मागे धावला आणि त्याला आंब्याच्या अलीकडच्याच झाडावर अडवले.

"परत फिर बाळा," तो म्हणाला. "ते आपलं नाही."

"मग कोणाचं आहे?" पिलाने विचारले. तेवढ्यात बायकोही येऊन शेजारच्या फांदीवर बसली होती. आता लपवायला काही राहिले नव्हते. धनेशाने पहिल्यापासून सगळे सांगितले. जांभूळ, मोहोर, नाईक, झरा, वावटळीची ती संध्याकाळ. काहीच गाळले नाही. तिने मध्ये एकदाही त्याला थांबवले नाही. पिलू मात्र सारखे आंब्याकडे बघत होते.

सांगून झाले तेव्हा तिने एवढेच विचारले, "म्हणजे तुमचा अंदाज चुकला होता?"

धनेशाने त्या लगडलेल्या झाडाकडे पाहिले, मग एकट्या पिलाकडे पाहिले.

"नाही," तो म्हणाला. "अंदाज बरोबर होता."

तात्पर्य : जोखीम घ्यावी, पण बुडाली तरी घरची चूल पेटती राहील एवढीच घ्यावी. उद्याच्या फळासाठी आजचा घास डावावर लावला, तर अंदाज बरोबर निघूनही फळ दुसराच खातो.