तक्त्याप्रमाणे एक पेला

औषध संशोधन संस्थेचे संचालक डॉ. खोपकर यांच्यापुढे तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती. त्यांनी जंताच्या औषधावर निबंध लिहिला आणि तपासायला दिला एआयला. एआयने अहवाल दिला, 'त्रुटी नाही.' झालं! परीक्षक समितीतल्या चौघांनी निबंध न वाचताच सह्या ठोकल्या.

पाचवी होती यामिनी ढवळे. तिने मात्र निबंध वाचला होता. मुलांच्या रकान्यात चक्क बैलांचा डोस पडला होता, आणि सोमवारपासून त्याच तक्त्याप्रमाणे हे औषध शाळांमध्ये वाटायचं होतं.

"सर, तक्ता चुकलाय," ती चाचरत म्हणाली.

"एआयपेक्षा तू शहाणी? मुकाट्याने सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

यामिनीने टेबलावरची औषधाची बाटली उघडली, मोजून काठोकाठ पेला भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमच्या तक्त्याप्रमाणे पाच वर्षांच्या मुलाचा हा डोस, सर. तुम्ही घ्या, मी लगेच सही करते."

खोपकरांना दरदरून घाम फुटला. "एवढं? अगं, मरेन मी!"

"एआय नाही घाबरलं, सर," यामिनी म्हणाली. "त्याला कुठे प्यायचं होतं?"