बारक्या सुरवंट आणि ताईचं पान

कौसाकाकूच्या अंगणात कढीलिंबाचं झाड होतं. झाडावर दोन सुरवंट राहायचे. एक ताई. एक बारक्या.

झाडावर एकच कोवळं पान उरलं होतं. बाकीची सगळी जून. काही पिवळी. कोवळं पान होतं ताईचं. ताईला बरं नव्हतं. जून पान तिला चाववत नव्हतं.

सकाळी काकू आली. तिने कोवळं पान तोडलं. खुट्. ते फोडणीत टाकलं. चर्रर्र.

ताईने डोळे मिटले.

"ताई," बारक्या म्हणाला.

ताई गप्प.

"ए ताई, बोल ना."

ताई गप्पच.

"थांब. मी पान आणतो," बारक्या म्हणाला आणि निघालासुद्धा. कुठे जायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

लुटुलुटु, लुटुलुटु. बारक्या जाड फांदीपाशी आला.

"फांदीमावशी, फांदीमावशी, पान दे.
ताई माझी बोलेना."

फांदी म्हणाली, "पान म्हणजे माझं स्वयंपाकघर, बाळा. ऊन आहे. हवा आहे. पण खालून रस येत नाही. मी शिजवू काय? मूळ रस देईल, तर मी पान देईन."

लुटुलुटु, लुटुलुटु. बारक्या खोडावरून खाली आला. मातीतून एक मूळ डोकं वर काढून बसलं होतं.

"मूळदादा, मूळदादा, रस दे.
फांदी पान देईना,
ताई माझी बोलेना."

मूळदादा म्हणाला, "मी ओढतोय रे. रोज ओढतोय. नुसतं पाणी येतं. नुसत्या पाण्याने कुणाचं पोट भरतं का? माती कस देईल, तर मी रस देईन."

लुटुलुटु, लुटुलुटु. बारक्या मातीवर उतरला. माती कडक झाली होती. पायांना टोचत होती.

"मातीआजी, मातीआजी, कस दे.
मूळ रस देईना,
फांदी पान देईना,
ताई माझी बोलेना."

मातीआजी म्हणाली, "मी कधी नाही म्हटलंय का? पण माझ्याकडे उरलाय कुठे? पूर्वी गांडूळ यायचा, खत टाकून जायचा. आता फिरकत नाही. गांडूळ खत देईल, तर मी कस देईन."

लुटुलुटु, लुटुलुटु. बारक्या एका बिळापाशी आला. बिळातून गांडूळमामाने डोकं काढलं.

"अरे देवा," गांडूळमामा म्हणाला. "मला वाटलं, चिमणीची शी पडली."

"मी सुरवंट आहे," बारक्या म्हणाला. "मी मुद्दामच शीसारखा दिसतो. मग पक्षी मला खात नाहीत."

"हुशार आहेस," मामा म्हणाला. "दिसत नाहीस, पण आहेस. काय काम काढलंस?"

"गांडूळमामा, गांडूळमामा, खत दे.
माती कस देईना,
मूळ रस देईना,
फांदी पान देईना,
ताई माझी बोलेना."

मामा म्हणाला, "मीच उपाशी आहे रे. मी वाळकं पान खातो. ते माझ्या पोटात जातं. त्याचं खत होऊन बाहेर येतं. पण इथे पान पडलं की काकू झाडून नेते. वाळकं पान येईल, तर मी खत देईन."

लुटुलुटु, लुटुलुटु. बारक्या बंबापाशी आला. बंबात काकू आंघोळीचं पाणी तापवायची. बंबाशेजारी टोपली होती. टोपलीत वाळकी पानं होती. खळखळ, सळसळ.

"पानआजोबा, पानआजोबा, मातीवर चला.
गांडूळ खत देईना,
माती कस देईना,
मूळ रस देईना,
फांदी पान देईना,
ताई माझी बोलेना."

एक वाळकं पान हळूच हललं. "मला तिकडेच जायचंय," ते म्हणालं. "मी वाळलो म्हणजे संपलो नाही. माझ्यात अजून पुष्कळ आहे. पण मला पाय नाहीत. काकू टोपली सोडेना. काकू टोपली झाडाखाली नेईल, तर मी येईन."

तेवढ्यात काकू आली. टोपली उचलली. ती आता पानं जाळायला बंबात ओतणार होती.

बारक्या धावला. लुटुलुटु, लुटुलुटु, लुटुलुटु. थेट काकूच्या पायाच्या अंगठ्यावर चढला.

"कोण गुदगुल्या करतंय?" काकूने खाली पाहिलं. "तू होय. माझा कढीलिंब कुरतडतोस आणि वर माझ्याच पायावर चढतोस?"

"काकू, काकू, टोपली झाडाखाली ने.
वाळकं पान येईना,
गांडूळ खत देईना,
माती कस देईना,
मूळ रस देईना,
फांदी पान देईना,
ताई माझी बोलेना."

काकू टोपली घेऊन तशीच उभी राहिली. तिने टोपलीकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं.

"रोज पाणी घालते," काकू म्हणाली. "तरी मेलं झाड खुरटंच. मला वाटायचं, तुम्हीच खाऊन टाकता. आणि मी त्याचं जेवण बंबात घालत होते."

"मग आता?" बारक्याने विचारलं.

"आता काय. पाणी गोवऱ्यांवर तापेल," काकू म्हणाली.

काकूने टोपली झाडाखाली नेली. भस्सकन ओतली. वर तांब्याभर पाणी शिंपडलं.

मग काय झालं?

वाळकं पान मातीवर आलं.
गांडूळमामाने ते खाल्लं. मचमच, मचमच. त्याने खत दिलं.
माती भुसभुशीत झाली. तिने कस दिला.
मुळाने तो ओढला. सुर्र, सुर्र. त्याने रस दिला.
रस वर वर चढला.
फांदीने ऊन घेतलं, हवा घेतली, रस घेतला.
आणि टुप्. फांदीने पान दिलं.

खऱ्या झाडाला खूप दिवस लागतात. गोष्टीतलं झाड ताईसाठी घाई करतं.

पान होतं इवलंसं. मऊ मऊ. पोपटी. अगदी ताईच्या तोंडापाशी.

"ताई," बारक्या म्हणाला. "पान आलंय."

ताई हलली नाही.

बारक्या तिला चिकटून बसला. नुसता बसून राहिला.

मग आवाज आला. अगदी बारीक.

कुरुम.

बारक्याने श्वास रोखला.

कुरुम, कुरुम.

ताईने डोळे उघडले. तिने बारक्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"किती वाळलास रे," ताई म्हणाली. "तू काय खाल्लंस?"

बारक्या विचार करू लागला. पुष्कळ विचार केला.

"विसरलो," तो म्हणाला.

"वेडा आहेस," ताई म्हणाली आणि थोडी सरकली. "ये इकडे."

एका टोकाने ताई. एका टोकाने बारक्या. कुरुम, कुरुम, कुरुम.

वरून खाली गेली,
खालून वर आली,
पानाएवढी गोष्ट
पोटभर झाली.